पैसा कुणाचा, खर्च कुणासाठी आणि उत्तर कुणी द्यायचे?

१५ जानेवारी २०२६ रोजी महाराष्ट्रातील २९ महानगरपालिकांसाठी मतदान झाले आणि दुसऱ्या दिवशी निकाल जाहीर झाले. आपल्या वसई-विरार शहर महानगरपालिकेच्या सभागृहाची मुदत जून २०२० मध्येच संपली होती. म्हणजे साडेपाच वर्षांहून अधिक काळ लाखो लोकवस्तीच्या या शहराचा कारभार एकाही नगरसेवकाविना चालला. या काळात रस्त्यांवर दिवे लागले, रस्ते खोदले गेले व पुन्हा बुजवले गेले, कचरा उचलला गेला आणि घरपट्टीची बिलेही घरोघरी पोहोचली. नव्हता तो एकच माणूस : 'हा खर्च का केला?' असे सभागृहात उभे राहून विचारण्याचा अधिकार ज्याला आहे असा.

निवडणुकीचा गुलाल आता धुतला गेला आहे. कोण जिंकले आणि कोण हरले याची चर्चा इतरत्र पुष्कळ झाली असल्याने ती येथे करण्याचे प्रयोजन नाही. आम्हांला वाचकांपुढे मांडायचा आहे तो पक्षांच्या पलीकडचा प्रश्न. सार्वजनिक पैसा खर्च करणाऱ्यांना जाब विचारायचा असेल तर तो कोणत्या मार्गाने? 'पालिकेची कामे खाजगी कंपन्यांकडे सोपवा, म्हणजे उधळपट्टी थांबेल' असे सुशिक्षित मंडळींत हल्ली सर्रास बोलले जाते. या म्हणण्यात तथ्य किती आणि उणीव कोणती, हे शांतपणे तपासून पाहण्याची हीच वेळ आहे.

प्रशासकांची वर्षे

राज्यघटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने (ती १ जून १९९३ पासून अमलात आली) नागरी स्थानिक संस्थांना घटनात्मक स्थान दिले. पालिकेची मुदत पाच वर्षांची असेल आणि ती संपण्यापूर्वीच पुढील निवडणूक पूर्ण झाली पाहिजे, असे घटना स्पष्टपणे सांगते. प्रत्यक्षात महाराष्ट्रात काय घडले? प्रथम कोरोनाची साथ आली, मग इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा न्यायालयीन वाद उभा राहिला, त्यात प्रभागरचनेच्या अधिकारावरून वारंवार कायदे बदलले गेले. वसई-विरार, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली, कोल्हापूर येथे २०२० पासून, तर मुंबईत मार्च २०२२ पासून प्रशासक कारभार पाहू लागले. अखेरीस ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घेण्याचा आदेश दिला. ती मुदतही पुढे वाढवावी लागली आणि मग कुठे जानेवारी २०२६ उजाडला.

प्रशासकीय राजवटीत नेमके काय हरवते, हे समजण्यासाठी पालिकेच्या पैशाची वाट पाहावी लागेल. सामान्य परिस्थितीत आयुक्त अंदाजपत्रक तयार करून स्थायी समितीपुढे ठेवतात. समिती त्यात फेरफार सुचवते आणि शेवटी सर्वसाधारण सभा त्याला मंजुरी देते. ठरावीक रकमेच्या वरच्या कंत्राटांनाही स्थायी समितीची संमती लागते. एकाने मागायचे, दुसऱ्याने तपासायचे आणि तिसऱ्याने मान्य करायचे, अशी ही रचना आहे. प्रशासक नेमला की या तिन्ही खुर्च्यांवर एकच व्यक्ती बसते. प्रस्तावही तिचाच, छाननीही तिचीच आणि मंजुरीही तिचीच. ती व्यक्ती प्रामाणिक आणि कार्यक्षम असू शकते. असे अधिकारी आपण पाहिलेही आहेत. परंतु घरखर्चाची वही लिहिणारा आणि तपासणारा एकच असेल, तर वही बिनचूक आहे की नाही हे घरातल्या इतरांना कळण्याचा मार्गच उरत नाही.

मुंबईचे आकडे पाहिले म्हणजे या गोष्टीचे गांभीर्य ध्यानात येते. बृहन्मुंबई महानगरपालिकेचे अंदाजपत्रक २०२३-२४ मध्ये सुमारे ५२,६१९ कोटी रुपयांचे होते. २०२४-२५ मध्ये ते ५९,९५४ कोटींवर आणि २०२५-२६ मध्ये ७४,४२७ कोटींवर गेले. एवढ्या प्रचंड रकमांना लोकांनी निवडलेल्या एकाही प्रतिनिधीची मंजुरी नव्हती. खर्च योग्य होता की अयोग्य, हा पुढचा प्रश्न. तो विचारण्याचे ठिकाणच बंद होते.

खुल्या बाजाराच्या पुरस्कर्त्यांचे म्हणणे

सार्वजनिक खर्चाकडे संशयाने पाहणाऱ्या अर्थतज्ज्ञांत मिल्टन फ्रीडमन यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. १९८० साली त्यांनी पत्नी रोझ यांच्यासह लिहिलेल्या 'फ्री टू चूज' या पुस्तकात पैसा खर्च करण्याचे चार प्रकार सांगितले आहेत. आपला पैसा आपण स्वतःसाठी खर्च करतो तेव्हा किंमत आणि प्रत दोन्ही पारखून घेतो. आपला पैसा दुसऱ्यासाठी खर्च करतो, जसे लग्नातला आहेर, तेव्हा किंमत बघतो. वस्तू घेणाऱ्याच्या उपयोगाची आहे का याचा फारसा विचार करीत नाही. दुसऱ्याचा पैसा स्वतःसाठी खर्च करायचा असेल, जसे कंपनीच्या खर्चाने केलेला प्रवास, तर सोय पाहतो, किंमत पाहत नाही. आणि दुसऱ्याचा पैसा दुसऱ्यासाठी खर्च करायचा झाला, तर दोन्ही बाबतींत बेफिकिरी येते. सरकारी खर्च या चौथ्या प्रकारात मोडतो, असे फ्रीडमन यांचे प्रतिपादन आहे.

याला जोड मिळाली जेम्स ब्युकॅनन यांच्या विचारांची. १९८६ साली नोबेल पारितोषिक मिळालेल्या या अर्थशास्त्रज्ञाचे म्हणणे असे की, राजकारणी आणि अधिकारी हेही तुमच्या-आमच्यासारखेच स्वतःचा लाभ पाहणारे लोक आहेत. खुर्चीवर बसताच ते संत होतात असे गृहीत धरून राज्यव्यवस्था रचू नये.

ही चिकित्सा आम्हांला बव्हंशी पटते. सहा महिन्यांत दोनदा उखडला जाणारा रस्ता किंवा पावसाळा तोंडावर आल्यावर सुरू होणारी नालेसफाई पाहिली की चौथ्या प्रकारचा खर्च म्हणजे काय हे निराळे समजावून सांगावे लागत नाही. प्रश्न निदानाचा नाही, उपचाराचा आहे. खुल्या बाजाराचे बहुतेक पुरस्कर्ते येथून थेट एका उपायाकडे वळतात : पालिकेने शक्य तितके कमी करावे आणि जे करायचे तेही खाजगी कंपन्यांकडून करून घ्यावे.

कंत्राट म्हणजे बाजार नव्हे

येथे एक गफलत होते. बाजाराची शिस्त कोठून येते? गिऱ्हाईक नाराज झाले तर ते शेजारच्या दुकानात जाईल या भीतीतून येते. कचरा उचलण्याच्या कंत्राटात गिऱ्हाईक कोण असते? ज्याच्या दारात कचरा साचतो तो नागरिक नव्हे. गिऱ्हाईक असते पालिका, म्हणजे देयकावर सही करणारा अधिकारी. गाडी चार दिवस आली नाही म्हणून आपण दुसरी कंपनी निवडू शकत नाही. कंपनी खाजगी असली तरी पैसा दुसऱ्याचाच आणि खर्चही दुसऱ्यासाठीच. फ्रीडमन यांचा चौथा प्रकार कंत्राटाच्या आत जसाच्या तसा शिल्लक राहतो. त्याच्यावर केवळ एक वेष्टन चढते.

अमेरिकेतील सँडी स्प्रिंग्ज या शहराचा अनुभव याबाबत बोलका आहे. आपला कर काउंटी इतरत्र खर्च करते, अशी अटलांटा शहराच्या उत्तरेकडील या वस्तीतील रहिवाशांची जुनी तक्रार होती. डिसेंबर २००५ मध्ये त्यांनी स्वतंत्र शहर स्थापन केले आणि पोलीस व अग्निशमन वगळता जवळजवळ सर्व कामे एका खाजगी कंपनीकडे सोपवली. हा प्रयोग जगभर गाजला. खुल्या बाजाराच्या समर्थकांनी तो आदर्श म्हणून मिरवला. काही वर्षांनी शहराने एका कंपनीऐवजी अनेक कंपन्यांना कामे वाटून दिली. पुढे २०१९ मध्ये त्याच शहराच्या परिषदेने हिशेब मांडला आणि बहुतेक कामे स्वतःच्या कर्मचाऱ्यांकडे परत घेण्याचे ठरवले. पाच वर्षांत १ कोटी ४० लाख डॉलरहून अधिक बचत होईल, असा अंदाज त्यामागे होता.

यावरून 'खाजगी वाईट, सरकारी चांगले' असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. आम्हांला त्यात दिसते ते वेगळेच. कंपनी नेमणे, ती बदलणे आणि शेवटी तिला निरोप देणे हे तिन्ही निर्णय लोकांनी निवडलेल्या परिषदेने घेतले. ती परिषद आकड्यांची गुलाम होती, विचारसरणीची नव्हे. काम कुणाकडून करून घ्यावे हा दुय्यम प्रश्न आहे. हिशेब पाहणारा आणि चूक दिसताच निर्णय फिरवू शकणारा कुणी आहे का, हा पहिला.

खरे तर बाजारविचाराचे आद्य आचार्य ॲडम स्मिथ यांनीही हेच ओळखले होते. १७७६ च्या आपल्या ग्रंथात ते विचारतात की, लंडनच्या रस्त्यांवरील दिवे आणि फरसबंदी यांचा खर्च देशाच्या तिजोरीतून झाला असता तर ते काम इतके चांगले आणि इतके स्वस्त झाले असते काय? स्थानिक सोयींचा खर्च स्थानिक उत्पन्नातून आणि स्थानिक देखरेखीखाली व्हावा, हे त्यांचे मत होते. ज्याच्या रस्त्यावर दिवा लागायचा आहे, त्याचे लक्ष त्या दिव्याच्या खर्चावर असणारच.

टँकरचे पाणी

बाजाराची दुसरी मर्यादा वसईकरांना पुस्तकातून शिकण्याची गरज नाही. नळाचे पाणी अपुरे पडले तेव्हा येथे टँकरचा बाजार उभा राहिला. विकणाऱ्याला दाम मिळाले, घेणाऱ्याला पाणी मिळाले. देवघेव दोघांच्या राजीखुशीने झाली. परंतु बेसुमार उपशामुळे शेजारच्या बावखलाची पातळी खाली गेली, समुद्राकाठच्या विहिरी खारट होऊ लागल्या, त्या शेतकऱ्याला या सौद्यात कुणी विचारले होते काय? फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसई संरक्षण समितीने टँकरविरोधात जो आवाज उठवला, त्याचे मर्म हेच होते. सर्वांच्या मालकीची वस्तू दोघांच्या सौद्यात संपून जाते, तेव्हा तिच्या रक्षणासाठी सर्वांच्या वतीने बोलणारी संस्था लागते. ती संस्था दुर्बळ असेल किंवा विकली गेली असेल, तर बाजार तिची जागा भरून काढू शकत नाही.

कर कुणाचा, जाब कुणाला?

पालिकेचा पैसा कोठून येतो यावरही उत्तरदायित्व अवलंबून असते. पूर्वी पालिकांना जकातीतून आणि पुढे स्थानिक संस्था करातून स्वतःचे उत्पन्न मिळत असे. त्या करांत भ्रष्टाचार होता, व्यापाऱ्यांना जाच होता, हे खरे. परंतु १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि त्या उत्पन्नाच्या जागी राज्य शासनाचे भरपाई अनुदान आले. तेव्हापासून महापालिकांची नजर नागरिकापेक्षा मंत्रालयाकडे अधिक वळली. पैसे देणाऱ्याकडे पाहूनच संस्था चालते, हा अनुभवाचा नियम आहे.

त्यात करमाफीच्या घोषणांची भर पडते. मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर माफ करण्याचा निर्णय जानेवारी २०२२ मध्ये झाला. मध्यमवर्गीय आणि गरीब कुटुंबांना त्याचा दिलासा मिळाला, हे नाकारता येणार नाही. तरीही एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. ज्याला बिल येत नाही, तो हिशेबही मागत नाही. गरिबावरील कराचा भार हलका असावा यात वाद नाही. परंतु सर्वांना सर्व सोयी फुकट मिळतील, असे सांगणारा पुढारी आपल्याला देणगी देत नसून आपला जाब विचारण्याचा हक्क अल्प मोलात विकत घेत असतो.

निवडून आलेले होते, तेव्हाही

येथे एक रास्त आक्षेप येईल. नगरसेवक होते तेव्हा सारे आलबेल होते काय? तसे मुळीच नव्हते, आणि हे स्पष्टपणे बोलले पाहिजे.

नालासोपारा पूर्वेतील ४१ अनधिकृत इमारतींचे प्रकरण सर्वांच्या स्मरणात आहे. कचराभूमी आणि सांडपाणी प्रक्रिया केंद्र यांसाठी आरक्षित असलेल्या जमिनीवरही त्या उभ्या राहिल्या होत्या. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये त्या पाडण्याचा आदेश दिला. २०२५ च्या आरंभापर्यंत त्या जमीनदोस्त झाल्या आणि सुमारे अडीच हजार कुटुंबे उघड्यावर आली. त्यानंतर ऑगस्ट २०२५ मध्ये विरार पूर्वेतील रमाबाई अपार्टमेंट ही अनधिकृत इमारत कोसळली आणि १७ जणांचा जीव गेला. अशी बांधकामे एका रात्रीत होत नाहीत. ती होत असताना या शहरात सभागृह होते, समित्या होत्या, प्रभागांचे प्रतिनिधी होते.

या घटनांतून एक महत्त्वाची गोष्ट लक्षात येते. पालिकेचे सर्वांत मोठे नुकसान अंदाजपत्रकात कधी दिसत नाही. आरक्षित भूखंड गिळला गेला तर खर्चाच्या बाजूला एक रुपयाही लिहिला जात नाही. मात्र शहर कचराभूमीला आणि प्रक्रिया केंद्राला मुकते, आणि त्याची किंमत पुढची पिढी मोजते. म्हणून केवळ पैशाचा हिशेब मागून भागणार नाही. जमिनीचा आणि परवानग्यांचाही हिशेब मागावा लागेल. आणि पाच वर्षांतून एकदा बोटाला शाई लावून घेतल्याने तो मिळणार नाही.

ग्रामसभेची आठवण

३ जुलै २००९ रोजी चार नगरपरिषदा आणि ५३ गावे एकत्र करून ही महानगरपालिका स्थापन झाली, तेव्हा गावांतून तीव्र विरोध झाला. कुणी त्याला विकासविरोध म्हटले, कुणी करवाढीची भीती म्हटले. गावे वगळण्याचा २०११ सालचा शासननिर्णय, त्यावरील न्यायालयीन लढे आणि अखेर २०२४ मध्ये गावे महापालिकेतच ठेवण्याचा निर्णय, हा सारा इतिहास वाचकांना ठाऊक आहे. त्या विरोधाच्या मुळाशी असलेले एक शहाणपण मात्र दुर्लक्षित राहिले. ग्रामपंचायत गेली तेव्हा ग्रामसभाही गेली. गावातील कोणतीही स्त्री वा पुरुष उभा राहून सरपंचाला 'या पाखाडीला किती पैसे लागले?' असे विचारू शकत होता. तो हक्क गेला आणि त्याच्या जागी काहीच आले नाही.

ख्रिस्तसभेच्या सामाजिक शिकवणीत या शहाणपणाला पूरकतेचे तत्त्व म्हणतात. जे कार्य लहान समूह स्वतः करू शकतो, ते मोठ्या समूहाने त्याच्याकडून हिरावून घेणे अन्यायाचे आहे, असे अकरावे पोप पायस यांनी १९३१ च्या परिपत्रकात मांडले. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९१ साली बाजाराची उपयुक्तता मोकळेपणाने मान्य केली आणि त्याचबरोबर, ज्या मानवी गरजांना बाजारात किंमतच नसते त्यांची जबाबदारी समाजाने घेतली पाहिजे, हेही बजावले. हे तत्त्व सरकारला जसे लागू आहे तसे महाकाय कंपनीलाही लागू आहे.

शहरात ग्रामसभेची उणीव भरून काढण्याचे साधन कायद्यात आहे. महाराष्ट्रात २००९ साली क्षेत्रसभेची तरतूद झाली. मतदान केंद्रांच्या परिसरातील मतदारांनी एकत्र बसून कामे सुचवावीत आणि आढावा घ्यावा, अशी ती कल्पना. बहुतेक शहरांत ती कागदावरच राहिली.

हिशेब मोठ्याने वाचावा

तरीही निराश होण्याचे कारण नाही. राजस्थानातील मजदूर किसान शक्ती संघटनेने डिसेंबर १९९४ मध्ये कोटकिराना या गावी पहिली जनसुनवाई भरवली. तेथे कोणतीही मोठी भाषणे नव्हती. पंचायतीच्या कामांची बिले आणि हजेरीपट लोकांसमोर मोठ्याने वाचले गेले. कधीही कामावर न गेलेल्यांची नावे हजेरीपटावर निघाली, न झालेल्या कामांची देयके निघाली. 'हमारा पैसा, हमारा हिसाब' या त्यांच्या घोषणेतूनच पुढे २००५ चा माहितीचा अधिकार कायदा आकाराला आला. फ्रीडमन यांच्या प्रश्नाचे उत्तर त्या निरक्षर मजुरांनी दिले होते. हा दुसऱ्याचा पैसा नाही, आमचा आहे, असे म्हणणारा माणूस समोर बसला की चौथ्या प्रकारचा खर्च पहिल्या प्रकाराकडे सरकू लागतो.

तेव्हा नव्या सभागृहाकडून आपण काय मागावे? प्रत्येक प्रभागात वर्षभरात कोणती कामे, कोणत्या कंत्राटदाराकडून आणि किती रुपयांत होणार, याची यादी मराठीत प्रभाग कार्यालयाबाहेर लावावी. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ नुसार अशी माहिती न मागता प्रसिद्ध करणे हे पालिकेचे कर्तव्यच आहे. प्रशासकीय काळातील लेखापरीक्षणाचे अहवाल सभागृहात चर्चेला घ्यावेत. आरक्षित भूखंडांपैकी किती मोकळे आणि किती अतिक्रमित, याची प्रभागवार नोंद जाहीर करावी. आणि क्षेत्रसभा भरवावी. नगरसेवक ती भरवीत नसतील तर नागरिकांनी तसा लेखी आग्रह धरावा.

धर्मग्रामांतील आपल्या संस्था, महिला मंडळे, युवक संघ यांना या कामी मोठा वाव आहे. आपल्याकडे निवृत्त शिक्षक आहेत, बँकेत आयुष्य घालवलेले लोक आहेत, आकडे वाचता येणारे तरुण आहेत. अशा पाच जणांनी आपल्या प्रभागाच्या खर्चाची यादी मिळवावी, ती घेऊन रस्त्यावर चालत जावे, प्रत्येक काम झाले आहे की नाही ते डोळ्यांनी पाहावे आणि जे दिसले ते शेजाऱ्यांना सांगावे. कोणत्याही पक्षाचा झेंडा यासाठी लागत नाही. येत्या घरपट्टीचे बिल हातात पडेल तेव्हा ते भरावे, पावती जपून ठेवावी आणि तीच पावती घेऊन प्रभाग कार्यालयाच्या दारात प्रश्न विचारायला उभे राहावे.